ईशान्य कोपऱ्यातला कॉक

घराला ईशान्य कोपरा एकच असतो. पाणी त्याच कोपऱ्यातून आत यावं आणि देवही त्याच कोपऱ्यात बसावा, असं सांगणारी माणसं मात्र नीलम्माला दोन भेटली, आणि तिनं दोघांचंही ऐकलं. उमरग्यात हायवेपासून जरा आत त्यांनी घर बांधायला काढलं तेव्हाची ही गोष्ट. वास्तू बघणारा आला, हातातलं होकायंत्र इकडंतिकडं फिरवून म्हणाला, नळाची लाइन ईशान्येकडून घ्या, घरात लक्ष्मी टिकते. घेतली. पुढं घर उभं राहिलं आणि गृहप्रवेशाची पूजा सांगायला आलेले जंगम स्वामी म्हणाले, देवाचा कट्टा ईशान्येला बांधा, घरात शांती राहते. बांधला. लाइनीच्या तोंडाशी असलेला मेन कॉक, म्हणजे अख्ख्या घराचं पाणी जिथून चालू-बंद होतं तो चाकाचा कॉक, त्या कट्ट्याच्या पोटात गेला.

लाइन टाकणाऱ्या प्रेमानंदनं तेव्हाच बजावलं होतं, "काकू, कॉक उघडा ऱ्हाऊ द्या. कवा बंद करायची येळ आली तर देवाला उठवणार काय?"

नीलम्माला हसूच आलं. गल्लीत नळ येतो आठवड्यातून एकदा, तोही हंडे-घागरी मांडून वाट बघायला लावून. असलं पाणी बंद करायची बुद्धी कुणाला होईल, असं तिनं त्यालाच उलट विचारलं. प्रश्न बिनतोड होता. प्रेमानंदनं कट्ट्याच्या बाजूला वीतभर रुंदीची एक खिडकी तेवढी ठेवून घेतली आणि तो पुढच्या कामाला लागला.

बरोबर ठरायची नीलम्माला सवयच होती. भुसार मालाच्या दुकानात बसणारा तिचा नवरा कल्याणप्पा उभ्या संसारात तिच्याशी एकही वाद जिंकला नव्हता आणि आता त्यानं तो नाद सोडून दिला होता. घर तिच्या मनासारखं झालं, मुलगा बसवेश तिच्या मनासारखा दुकानाला लागला, आणि सून शिवप्रिया तिनंच हद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या आळंदला जाऊन पसंत केली. सगळं नीट चाललं होतं, आणि ते आपल्यामुळं चाललंय याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कट्टा म्हणजे तर तिचा जीव. काळ्या घोटीव दगडाचा, तोंड दिसेल असा चकचकीत. वर बसवण्णांची तसबीर, पितळी नंदी, समई आणि सासूसासऱ्यांचे फोटो. लिंगायताचा देव खरं म्हणजे गळ्यात असतो. इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली की झालं, त्याला कट्टा लागत नाही की कोपरा लागत नाही. हे नीलम्माला कुणी शिकवायला नको होतं. तरी घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या नंतर मिळायचा, आधी कट्टा दाखवला जायचा.

बंद कोण करील, या तिच्या प्रश्नाचं उत्तर पुढं हौदानंच दिलं. मागच्या अंगणातला हौद भरला की आपोआप पाणी अडवणारा बॉल मधूनच रुसायला लागला. पाणी हौदावरून वाहायचं, ओसरीत शिरायचं, आणि मग सगळ्यांना कॉकची आठवण व्हायची. तेव्हा कळलं की खिडकीतून हात आत जातो, पण आतल्या पाइपच्या वळणाशी जागा इतकी अरुंद की बसवेशचा पंजा जायचा आणि दंड अडायचा. कल्याणप्पाचंही तेच. शिवप्रियाचा हात मात्र शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि बारीक. ती फरशीवर पालथी झोपायची, खांद्यापर्यंत हात आत घालायची आणि नुसत्या बोटांनी चाचपत चाक फिरवायची. नीलम्मा शेजारपाजारी कौतुकानं सांगायची की माझ्या सुनेचा हात थेट देवाखाली पोचतो.

मग गेल्या वर्षीची ती गोष्ट झाली. शिवप्रियाला दिवस गेले होते, तिसरा महिना लागला होता, घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि सगळं हातचं गेलं. गावातल्या डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं की गर्भच मुळात नीट धरला नव्हता, यात कुणाचा काही दोष नाही, कशानं झालं असा विचार करू नका. पण त्याच आठवड्यात हौद वाहिला होता आणि नीलम्मानंच स्वयंपाकघरातून हाक मारून सुनेला कॉक बंद करायला पाठवलं होतं. शिवप्रियाची आई भुवनेश्वरी बातमी कळताच आळंदहून आली. लेकीच्या उशाशी बसली, जाताना कट्ट्याच्या त्या खिडकीकडं एकदा बघितलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. भांडली असती तर नीलम्मा तिला पुरून उरली असती. न बोलणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं, ते तिला आजवर सुचलं नव्हतं.

तेव्हापासून सुनेला कुणी त्या खिडकीजवळ फिरकू द्यायचं नाही, असा नीलम्माचा हुकूम झाला. हौदाचा बॉल नवा बसवला. बसवेशनं दोनदा म्हणून पाहिलं की कट्टा थोडा फोडून कॉक बाहेर घेऊ. त्यावर आपण जिवंत असेपर्यंत कट्ट्याचा टवकाही उडणार नाही, असं तिनं ऐकवलं आणि विषय मिटला.

आता शिवप्रियाला सातवा महिना होता. सगळं व्यवस्थित होतं. दुसऱ्या दिवशी कुबसा होता. म्हणजे आपली ओटभरणीच, पण हद्दीकडच्या लिंगायतांच्या घरी हा कानडी शब्दच चालतो. भुवनेश्वरी कालच येऊन दाखल झाली होती आणि तिनं येताना मोठी रिकामी बॅग आणली होती. कुबसा झाला की लेकीला लगेच आळंदला न्यायचं, असं भुवनेश्वरीनं ठरवूनच टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. पण मागचं सगळं माहीत असलेल्या डॉक्टरबाई इथं होत्या. त्यांनी सांगितलं होतं की नववा लागेपर्यंत माझ्या नजरेखाली राहू द्या, उगाच खड्ड्यांच्या रस्त्यानं हलवू नका. शिवप्रियालाही राहायचं होतं, पण आई आणि सासू यांच्यामधे तोंड उघडायची तिची छाती नव्हती. आणि नीलम्मा? जिनं कधी कुणाची भीड धरली नाही, तिला विहिणीसमोर "राहू द्या" एवढंच म्हणायला तोंड नव्हतं. ती म्हणाली असती, तर भुवनेश्वरीनं फक्त खिडकीकडं बघितलं असतं.

कुबशाच्या आदल्या दिवशी सकाळी नळ आला. मुहूर्त बरा होता. हौद भरला की दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांची सोय होणार होती. हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू भिजत घातले होते. मठ्ठ्यासाठी दह्याची पातेली लावून ठेवली होती, आणि नीलम्माची जळकोटच्या माहेराहून आलेली मोठी रवी घासूनपुसून चुलीशेजारी उभी होती. कासारणीनं कालच शिवप्रियाचे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं गच्च भरले होते. ह्या बांगड्या बाळ येईपर्यंत उतरवायच्या नसतात. पोर सोप्यात पाटावर पाय लांब करून बसली होती आणि आई तिच्या पायांना तेल लावत होती.

मांडववाल्याकडून आणलेलं हुग्गीचं मोठं पातेलं बसवेश आणि कल्याणप्पा कोठीच्या खोलीतून सरकवत होते. उचला म्हणून नीलम्मा सांगत होती, पण बापलेकांना वाटलं सरकवलं तरी चालेल. पातेल्याचा काठ भिंतीलगतच्या पाइपला बसला. कट्ट्याकडून हौदाकडं जाणारी लाइन तीच. कोपऱ्यावरचा एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा जोड, कडकन तुटला आणि पाण्याचा फवारा थेट पिठाच्या डब्यांवर आला.

पुढची थोडी मिनिटं घरात जो तो दुसऱ्याला काय करायचं ते सांगत होता. बसवेशनं पाइपच्या तोंडावर टॉवेल दाबून धरला. कल्याणप्पानं सायकलची जुनी ट्यूब शोधून आणली आणि गुंडाळली. नळाच्या जोरानं ती सुटून त्याच्याच तोंडावर बसली. नीलम्मानं गव्हाचं घमेलं उचलून ओट्यावर ठेवलं आणि साडीचा काच्या मारून पिठाचे डबे ओढून बाहेर काढले. नळ सोडणाऱ्या माणसाला फोन लावला, तो उचलत नव्हता. मोटरसायकलवर दुसऱ्या गल्लीकडं निघाला असणार. मग प्रेमानंदला लावला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी गच्चीवर होता. एल्बो घेऊन निघतोच म्हणाला, पण एक अट घातली. वाहत्या पाण्यात काहीच चिकटत नाही, तेव्हा आधी कॉक बंद करा.

झालं. सगळ्यांच्या माना कट्ट्याकडं वळल्या.

बसवेशनं शर्ट काढून हात घातला. ठरल्याप्रमाणं पंजा गेला, दंड अडला. त्यानं जोर लावला तसा दंड सोलून निघाला आणि वर हात बाहेर काढायलाच दोघांना ओढावं लागलं. कल्याणप्पानं हाताला खोबरेल चोळून बघितलं. त्याचाही हात तिथंच अडला. कोठीतलं पाणी उंबऱ्यावरून सोप्यात यायला लागलं. उमरग्यात आठवड्याचं पाणी डोळ्यांदेखत गटारात जाताना बघणं सोपं नसतं. गल्लीतला नळ तासाभरानं जाणार होता, आणि गेला की परत पुढच्या आठवड्यालाच.

तेवढ्यात मागून बारीक खळकन आवाज झाला. शिवप्रिया पाटावरून उठून आली होती. चुडा कोपराकडं सरकवायला तिनं हाताला साबण लावला होता, आणि त्या ओढाताणीत एक बांगडी वाढली होती. हिरव्या काचेचे तुकडे पाण्यातून वाहत चालले होते. ती कुणाकडं न बघता म्हणाली, "म्या करते बंद. कुशीवर झोपून हात घालते. मला चाक ठावं हाय."

तिच्या मागं भुवनेश्वरी उभी होती, तेलाचे हात तसेच. तिनं लेकीला अडवलं नाही. ती नीलम्माकडं बघत होती, गेल्या वर्षीसारखीच, न बोलता. बसवेश आईकडं बघत होता. कल्याणप्पाही बघत होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला मनातून वाटत होतं की पोरीनं एकदा हात घातला तर काय बिघडतंय, एका मिनिटाचं काम आहे. कुणी म्हणालं नाही एवढंच.

"शिवप्रिया, माघारी फिर," नीलम्मा म्हणाली. "पाटावर जाऊन बस."

"अत्ती, उद्याचं पाणी चाललंय."

"जाऊ दे. बसवेश, हातोडा आण. कट्टा फोड."

बसवेशला वाटलं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. आयुष्यात पहिल्यांदाच कल्याणप्पानं बायकोचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "अगं, वर देव हायत."

नीलम्मानं पदराआड गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. "माझा देव हितं हाय," ती म्हणाली. "वर फोटू हायत. फोटू उचला."

आणि कुणी उचलायची वाट न बघता तिनं स्वतःच बसवण्णांची तसबीर उतरवली, नंदी काखेत घेतला, सासूसासऱ्यांचे फोटो कल्याणप्पाच्या हातात दिले आणि समई बाजूला ठेवली. कट्टा उघडाबोडका झाला. ज्या दगडात ती रोज सकाळी आपलं कुंकू सरळ आहे का ते बघायची, त्याच्यावर बसवेशनं छन्नी टेकवली आणि पहिला घाव घातला. दगड पक्का होता. दुसऱ्या घावाला मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक तडा सरळ चढत गेला. नीलम्मानं डोळे मिटले नाहीत. "मार," ती म्हणाली.

फोन अजून चालू होता आणि पलीकडून प्रेमानंद ओरडत होता. त्याला घाव ऐकू गेले होते. पाइप कट्ट्याच्या त्याच भिंतीला चिकटून आहे, असं तो सांगत होता. वीट आत कोसळली आणि पाइप कॉकच्या आधीच तुटला, तर मग कुणाच्या बापालाही पाणी थांबवता येणार नाही. बसवेशचा हातोडा वरच्या वर थांबला.

आता फोडताही येईना आणि हातही जाईना. नीलम्मानं मोबाइलची बॅटरी लावली, ओल्या फरशीवर बैठक मारली आणि खिडकीत डोकावली. एवढी वर्षं तिनं कट्टा वरून पुसला होता, पण आत कधी बघितलं नव्हतं. कोळिष्टकं, वाळूचे खडे, पाइपचं वळण, आणि त्याच्यामागं तिच्याकडंच तोंड करून असलेलं कॉकचं लाल चाक, आऱ्यांचं, लहान मुलाच्या तळव्याएवढं. फार लांब नव्हतं. नुसता पंजा पोचायला हवा होता. दंड नसलेला पंजा. हे मनात आलं मात्र, ती तटकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

कल्याणप्पाला वाटलं, बायको हरली आणि आता मठ्ठा करायला बसणार. ती आली ती रवी घेऊन. लांब गोल दांडा, आणि टोकाला लाकडाच्या पाकळ्यांचा तो दही घुसळणारा गोळा. पाकळ्यांमधल्या खाचा बोटांसारख्या, आणि मागं दंड म्हणावा असं काही नाही. इतकी वर्षं हे हत्यार कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर उभं होतं. पण घरात सुनेचा हात होता, त्यामुळं कुणी डोकं चालवलंच नव्हतं.

तिनं रवी खिडकीतून आत सरकवली. वळणापाशी गोळा थोडा खरडला आणि पलीकडं गेला. बॅटरीच्या उजेडात नेम धरून तिनं पाकळ्या चाकाच्या आऱ्यांमध्ये रुतवल्या. पहिल्यांदा निसटल्या, दुसऱ्यांदा बसल्या. मग ती दांडा पिळायला लागली. पण दांडा ओला, तळवे ओले, आणि कॉक वर्षभर न हललेला. दांडा हातातल्या हातात फिरायचा आणि चाक तसंच. तिनं पदर गुंडाळून बघितला. ओठ दाबून सगळा जोर लावला. काही होईना.

तेव्हा भुवनेश्वरी पुढं आली आणि तिच्या शेजारी त्या पाण्यात मांडी घालून बसली. तेलाचे हात तिनं लुगड्याला पुसले. घरात आल्यापासून विहिणीशी जेवणखाण सोडून ती काहीच बोललेली नव्हती.

"दोर कुठाय हिचा?" तिनं विचारलं. "आन लाटणं द्या कुणीतरी."

रवीचा दोर रवीबरोबरच आला होता. भुवनेश्वरीनं लाटणं दांड्यावर आडवं धरलं आणि दोराचे फेर इकडून तिकडून असे आवळले की लाटणं दांड्याला वाण्याच्या पुड्यासारखं घट्ट बसलं. आळंदला तिच्या सासरी म्हशी होत्या. ताकाचे डेरे घुसळण्यात तिची निम्मी हयात गेली होती आणि दोर कसा धरायचा हे तिला सांगावं लागत नव्हतं. लाटण्याचं एक टोक तिनं स्वतः धरलं आणि दुसरं नीलम्माकडं केलं.

"कुणीकडं फिरवायचं?" तिनं विचारलं.

नीलम्माला ठाऊक नव्हतं. बसवेशलाही नव्हतं. तो कॉक या घरात आजवर एकाच माणसानं फिरवला होता.

"उजवीकडं, अव्वा," पाटावरून शिवप्रिया म्हणाली. "पहिल्यांदा लई घट्ट वाटतंय. थोडं हाललं की मग सैल सुटतंय. शेवटाला परत घट्ट, तवर सोडायचं न्हाय."

दोघी विहिणींनी जोर लावला. एकीनं वरून रेटलं, दुसरीनं खालून ओढलं. आधी काहीच नाही. मग आत कुठंतरी कुरकुरलं, लाटणं बोटभर सरकलं, आणि एकदा सुटल्यावर मात्र ते फिरायलाच लागलं. अर्धा फेरा झाला की पाकळ्या सोडवायच्या, परत रुतवायच्या, परत फिरवायचं. दोघींचे हात आपोआप तालात आले. कोठीतून बसवेश ओरडून सांगत होता, कमी झालं, अजून कमी झालं, आता धार, आता थेंब. शेवटी लाटणं जागेवर थटलं. शिवप्रियानं सांगितलं होतं तसंच. पाणी थांबलं.

नीलम्माला धाप लागली होती. भुवनेश्वरीच्या हातातल्या बांगड्याही दोन वाढल्या होत्या आणि मनगटावर बारीक ओरखडा उठला होता. नीलम्मानं तो बघितला आणि आत जाऊन हळद आणली. ती लावताना दोघी पहिल्यांदा एकमेकींकडं नीट बघून हसल्या.

प्रेमानंद आला तेव्हा खिडकीतून बाहेर आलेला रवीचा दांडा आणि त्यावरचं लाटणं बघून तो दाराशीच उभा राहिला. काकू, पेटंट घ्या, एवढंच म्हणाला आणि कामाला बसला. त्यानं नवा एल्बो बसवला, सोल्युशन वाळू दिलं, आणि मग दोघींनी पुन्हा रवी फिरवून कॉक उघडला, या वेळी डावीकडं. नळ जाईपर्यंत हौद काठोकाठ भरला नाही, पण निम्म्याच्या वर गेला. तेवढ्यात उद्याचं भागणार होतं.

कट्टा पुसून नीलम्मानं सगळे देव आणि फोटो परत जागेवर लावले. तडा मधोमध दिसत होता. कल्याणप्पानं सुचवलं, समई जरा पुढं घेतली तर झाकला जाईल. तिनं समई होती तिथंच ठेवली. संध्याकाळी तिनं कासारणीला बोलावून घेतलं. आधी सुनेच्या हातात वाढलेल्या एकीच्या जागी दोन बांगड्या भरायला लावल्या, आणि मग विहिणीचा हात पुढं ओढला.

कुबसा थाटात झाला. हुग्गी चांगली झाली, मठ्ठा तर सगळ्यांनी मागून मागून घेतला. त्याच रवीनं घुसळला होता, गरम पाण्यानं दोनदा धुऊन. शिवप्रिया हिरव्या साडीत बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेज होतं. आलेल्या बायका ओटी भरून कट्ट्यासमोर हात जोडायला जात आणि तडा बघून थबकत. नात्यातल्या कडूबाई, ज्यांना दुसऱ्याच्या घरातलं वाकडं आधी दिसतं, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की एवढा चांगला दगड कुणी फोडला.

"म्या फोडला," नीलम्मा म्हणाली, आणि त्यांना आणखी हुग्गी वाढली.

पाहुणे पांगले. दुपार कलली. आळंदला जायची गाडी दारात येऊन उभी राहिली. शिवप्रियाची भरलेली मोठी बॅग ओसरीत ठेवली होती. शेजारी भुवनेश्वरीची पिशवी. शिवप्रिया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पायात चप्पल घालून, कुणाकडंच न बघता. नीलम्मानं सकाळपासून मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. डॉक्टरबाईंचं नाव घ्यायचं, रस्त्याचं नाव घ्यायचं, आणि मग म्हणायचं. पण जिच्या लेकीला एकदा या घरात असं दुःख झालं, तिला आपण कसं सांगायचं? तिनं फक्त वाटेसाठी बांधलेली शिदोरी पुढं केली.

भुवनेश्वरीनं शिदोरी घेतली. स्वतःची पिशवी उचलली आणि गाडीत ठेवली. मग परत ओसरीत आली. ड्रायव्हर मोठ्या बॅगेला हात घालायला गेला, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "गेल्या साली मला तुमाला लई बोलायचं होतं. बोलले न्हाय. गावाकडं जाऊन एकटी रडले." तिनं आत, कट्ट्याकडं बघितलं. खिडकीकडं नव्हे, त्याच्यावरच्या तड्याकडं. "आता काय बोलायचं ऱ्हायलं न्हाय. पोरगी नववा लागंपतोर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मग म्या येते न्यायला."

शिवप्रियानं पायातली चप्पल काढली.

नीलम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. विहिणीचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, नव्या बांगड्यांसकट, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. मग ती ओसरीत आली. बसवेश बॅग घ्यायला पुढं झाला, त्याला बाजूला सारून तिनं ती स्वतः उचलली आणि सुनेच्या खोलीत नेऊन ठेवली.